सात येढे सहाणेला

बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात कुणाकडे बाळ जन्मलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरचं कुणीतरी रंभाबाईच्या ओट्याशी येऊन उभं राही. बोलावणं फार नसे. "काकू, सहाण मांडली," एवढंच म्हणायचं. मग रंभाबाई हातातलं काम टाकायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि कोनाड्यातली कापडी पिशवी लेकीच्या हातात द्यायची. पिशवीत हिरडा, मुरडशेंग, वेखंड आणि किराईताची काडी. लेक म्हणजे मनीषा. सात वर्षांची असल्यापासून ती पिशवी छातीशी धरून आईच्या मागे चालायची. किराईताचा कडवट वास तिच्या फ्रॉकला लागलेला असायचा.

बाळाच्या जिभेवर पहिलं कडू ज्याच्या बोटाने टेकतं, त्याचा गुण बाळात उतरतो, असं गाव मानायचं. खरं तर पहिलं बोट हा आत्याचा मान. पण रंभाबाईसारखी गाणी जुळवणारी बाई तापीच्या अलीकडे-पलीकडे नव्हती. म्हणून एरवी मानपानावरून रुसणाऱ्या आत्याही आपणहून मागे सरायच्या. "द्या काकू तुम्हीच. माझं बोट लावून काय, माझ्यासारखी भांडकुदळ निघायची," असं म्हणायच्या आणि हसायच्या.

रंभाबाई सहाण दोन गुडघ्यांमध्ये धरायची. पाण्याचे दोन थेंब टाकायची. एकेक मुळी घेऊन गोल गोल उगाळायची आणि त्या दगडाच्या घरघरीवर गायची:

हिरडा उगाळीते बाई, सात येढे सहाणेला
कडू आधी, गोड मागं, रीत हाये जगण्याला
ये रे बाळा, ऐक बाळा...

इथवर सगळ्या बाळांना सारखंच. पुढचा तुकडा मात्र ज्याचा त्याचा. तो आधी ठरवलेला नसायचा. रंभाबाई क्षणभर थांबायची, त्या घराकडे बघायची, आणि तुकडा यायचा. सुकलालची पोरगी जन्मली तेव्हा तापी जैनाबादच्या घाटाच्या पायऱ्या गिळून बसली होती. तिच्यासाठी आलं, "पूर भेटाया आला तुला." एका घरी जुळी झाली आणि पाळणा एकच होता. तिथे म्हणाली, "एक पाळणा दोघाला," आणि बाळंतीण टाके विसरून हसली. मोतीलालच्या घरी पाचवी मुलगी झाली. घर असं गप्प होतं की कुणी चहासुद्धा विचारला नव्हता. मोतीलाल दाराकडे पाठ करून बसलेला. रंभाबाईने उगाळता उगाळता त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाली:

ये रे बाळा, ऐक बाळा, पाच बोटं मुठीला.

मोतीलालने मान वळवली. मग उठला, आत आला आणि पोरीच्या मुठीत स्वतःचं बोट दिलं. हे मनीषाने पाहिलं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

घरी येताना तिने विचारलं, "आई, माझा तुकडा काय होता?"

"तुझा नाही."

"काहून?"

"तुझ्या येळी मीच बाजेवर होती ना व माय. बाळंतिणीने गायचं नसतं. बोट तुझ्या आत्याने दिलं. अन् आत्याचं गाणं तुला ठावं हाये."

आत्याचं गाणं सगळ्यांनाच ठाऊक होतं. मालूबाई, मनीषाच्या बापाची बहीण, तरुणपणीच नवरा गेल्यावर भावाकडे आली ती इथलीच झाली. बोलणं सरळ, विळ्याने केळीचं पान कापावं तसं. पहिलं बोट हा तिचा एकच मान उरला होता, तो तिने सोडला नाही. मनीषाला दिलं, चार वर्षांनी तिच्या धाकट्या भावाला, भूषणलाही दिलं. दोन्ही पोरं सुरात कोरडी निघाली. भूषणने आरती म्हटली तर ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखं वाटायचं. मनीषा ओळ न ओळ पाठ म्हणायची, पण पाढे म्हटल्यासारखी. गल्लीतल्या बाया मालूबाईला टोमणा मारायच्या, "आत्याबाई, दिव्याखाली अंधार केलात!" मालूबाई वाती वळता वळता म्हणायची, "माझ्या बोटाला काय राख लागली होती का?" म्हणायची आणि मग दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी बुऱ्हाणपूरच्या एका मराठी मंडळाने रंभाबाईचा सत्कार केला. शाल, नारळ, समई. निरंजन सर म्हणून एक निवृत्त मास्तर भाषणात म्हणाले, "रंभाबाईंना गाण्याचं बाळकडूच मिळालं आहे. शाळा नाही, गुरू नाही. हे वरून घेऊनच यावं लागतं!" टाळ्या झाल्या. रंभाबाईला बोलायला सांगितलं तेव्हा तिने माइक दोन्ही हातांनी धरला, मुसळ धरावं तसा.

"सर बाळकडू म्हनले. बरोबर हाये. पन सर, तुम्ही पेढा वाटल्यासारखं बोलले. ते कडू असतं."

लोक हसले. ती नाही हसली.

"मी तुकईथडची. मी जन्मली त्याच दिवशी माझी माय गेली. अंगणात बाया रडत होत्या. आमच्याकडे बाया शब्द लावून रडतात, तुम्हाला ठावंच हाये. घरात माझ्या आजीने मला मांडीवर धरलं होतं, अन् दुसऱ्या हाताने उगाळत होती. लेकीसाठी रडत होती अन् नातीसाठी उगाळत होती. दगड एकच, हात एकच. आजी सांगायची, रडता रडता कधी गाणं झालं तिलाच कळलं नाही. तर माझ्या जिभेवर हे गेलं अन् कानात ते गेलं. लोक बोटाचं नाव घेतात. मी म्हनते, बोट दिसतं म्हनून त्याचं नाव झालं. उगाळायला येळ लागतो, तेवढा येळ पोर ऐकत राहतं. बाळकडू ते."

सभागृहात कुणीतरी खोकलं. मनीषा पहिल्या रांगेत होती. पण तिने ते नीट ऐकलं नाही. ती शालीची घडी घालत होती, आणि परतीची बस चुकेल म्हणून घड्याळ बघत होती.

मनीषाचं लग्न गावातल्या गावात झालं होतं, आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तिशीत ती आशा कार्यकर्ती झाली. गुलाबी साडी, खांद्यावर झोळी, झोळीत वजनकाटा आणि रजिस्टर. ट्रेनिंगमध्ये मॅडमनी फळ्यावर लिहून दिलं होतं: सहा महीने सिर्फ माँ का दूध. घुट्टी नहीं, शहद नहीं, पानी भी नहीं. मनीषाने ते पाढ्यासारखंच पाठ केलं आणि दारोदार सांगू लागली. बाया तोंडावर हो म्हणायच्या आणि तिची पाठ वळली की रंभाबाईच्या ओट्याशी जायच्या. "काकू, सहाण मांडली."

मायलेकी एकमेकींना काही बोलत नव्हत्या. एक सकाळी बोट देऊन यायची, दुसरी दुपारी जाऊन सांगायची, देऊ नका.

मग चुडामणच्या नातवाला चौथ्या दिवशी जुलाब लागले. बाळ लाकडासारखं कोरडं पडलं. मनीषाने त्याला दुपट्यात गुंडाळून ऑटोतून बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात नेलं. सहा दिवसांनी बाळ वाचून घरी आलं. रजिस्टरमध्ये रकाना होता, घुट्टी दी गई: हाँ या नहीं. तिने "हाँ" लिहिलं. पुढचा रकाना होता, किसने दी. तो तिने कोरा ठेवला.

त्या संध्याकाळी ती आईकडे गेली. आई तांदूळ निवडत होती.

"आई, बाळ वाचलं."

"माहीत हाये."

"आता नको देऊस गं कुणाला."

रंभाबाईने तांदळातला एक खडा उचलला, बघितला, बाजूला ठेवला. "नाही देनार."

"गाणं म्हण ना नुसतं. गाण्याला कोण नाही म्हणतंय?"

"बोट नाही तर सहाण कोन मांडनार? सहाण नाही तर मला कोन बोलावनार?" ती म्हणाली. रागाने नाही. वाट विचारणाऱ्याला पुढे रस्ता नाही असं सांगावं, तसं.

आणि खरंच, कुणी बोलावलं नाही. पिशवी कोनाड्यात राहिली. दोन वर्षांत गावात बावीस बाळं जन्मली. सगळी धडधाकट. मनीषाला त्याचा अभिमान होता. पण एखाद्या बाळंतिणीच्या खोलीत वजनकाटा टांगताना अचानक काहीतरी कमी वाटायचं, आणि काय ते लक्षात यायचं नाही.

गेल्या पोळ्याच्या आधी रंभाबाई न्हाणीत पडली. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, शब्द तेवढे निघणार नाहीत. घशातून नुसता "अं, अं" असा आवाज यायचा. ज्या बाईला कधी शब्द शोधावा लागला नव्हता, ती पाणी मागायला भांड्यावर चमचा वाजवू लागली.

त्याच सुमारास भूषणच्या बायकोचे, रश्मीचे, दिवस भरत आले होते. भूषण केळीच्या बागेतून घरी आला की आईजवळ बसायचा. "आई, टेन्शन नको घेऊ. बाळ येऊ दे, सगळं ठीक होऊन जाईल." रंभाबाई डाव्या हाताने कोनाड्याकडे बोट दाखवायची. भूषण बघायचा नाही. मनीषा बघायची.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी सगळे बाजेभोवती जमले. रंभाबाईला भिंतीला टेकवून बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. तिने बाळाकडे पाहिलं, मनीषाकडे पाहिलं, आणि डाव्या हाताची करंगळी वर केली. मग तोच हात पसरून मनीषापुढे धरला. मागितल्यासारखा.

मालूबाईला सगळ्यांच्या आधी कळलं. "पोरी, या बाळाची आत्या तू. पहिल्या बोटाचा मान तुझा. तो ती मागते आहे तुझ्याकडे."

"आत्या, मी शंभर घरांत नाही म्हणून सांगते."

"एका बूंदने काय होतंय, ताई?" भूषण म्हणाला. "आईची हालत बघ ना. पुढचं कुणी बघितलं आहे?"

"चुडामणच्या नातवालाही बूंदच दिली होती."

रंभाबाईचा पसरलेला हात तसाच होता. मनीषाने तो दोन्ही हातांत घेतला. "आई, नाही गं. मागू नकोस." हात तिच्या मुठीतून हळूच सुटला आणि पदराखाली गेला. त्यानंतर मनीषा आली की रंभाबाई भिंतीकडे तोंड करायची.

गल्लीत बोभाटा झालाच. नळावर एकजण म्हणाली, "गावाची पोरं गुणाची केली, अन् स्वतःची नात कोरडी राहणार." दुसरी म्हणाली, "सरकारी बाई आहे ना घरात." मनीषाने हंडा भरला आणि चुंबळीवर ठेवला. तिचा निर्णय बरोबर होता, यात तिला शंका नव्हती. तेच अवघड होतं. चूक असती तर माफी मागता आली असती.

सातव्या दिवशी ती बाळाचं वजन घ्यायला आली. दुपार होती. रश्मी झोपली होती, भूषण बागेत गेला होता, मालूबाई दळणाला. दाराशी चप्पल काढताना तिला आवाज ऐकू आला. दगडावर दगड फिरल्यासारखा. थांबत थांबत. घर्र... घर्र...

ती धावत आत गेली.

रंभाबाई कोनाड्यापर्यंत सरपटत गेली असावी. पिशवी जमिनीवर सांडली होती. सहाण गुडघ्यांत धरता येत नव्हती म्हणून तिने ती पाळण्याच्या पायाला टेकवली होती आणि डाव्या हाताने उगाळली होती. आता ती पाळण्याच्या दांडीला धरून अर्धी उठली होती. करंगळीवर तपकिरी कडू होतं. बाळ जागं होतं आणि वर बघत होतं.

मनीषाने आईचं मनगट पकडलं.

"आई. नको."

बोट बाळाच्या ओठांपासून वीतभर लांब होतं. रंभाबाईने जोर केला नाही, हात मागेही घेतला नाही. दोघी तशाच राहिल्या. मनीषाला वाटलं, आता आई मान फिरवेल, नाहीतर रडेल.

रंभाबाईच्या घशातून आवाज निघाला. अं अंअं अंअं अं, अं अंअं अंअंअं. आधी मनीषाला ते कण्हणं वाटलं. मग तिने ओळखलं. ती चाल होती. हिरडा उगाळीते बाई, सात येढे सहाणेला. शब्द एकही नव्हता. वहाणा घाटावर राहाव्या आणि माणूस पाण्यात उतरून जावा, तशी नुसती चाल राहिली होती. कडू आधी, गोड मागं. तेही गेलं. ये रे बाळा, ऐक बाळा...

तिथे रंभाबाई थांबली. ज्या जागी नेहमी थांबायची, तिथेच. पाळण्याकडे बघत नव्हती. मनीषाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांकडे, गुलाबी साडीकडे, खांद्यावरच्या झोळीकडे, झोळीतून डोकावणाऱ्या वजनकाट्याकडे. जसं कुणाच्याही घरात गेल्यावर बघायची तसं. मग तिने करंगळी मनीषाच्या ओठांवर ठेवली.

आणि शेवटचा तुकडा म्हटला.

अं अंअं अंअं अं.

मनीषाच्या तोंडात कडू पसरलं. छत्तीस वर्षांची बाई, तिने लहान मुलासारखं ते बोट चाखलं. तुकडा आला होता. तिचा होता. त्यात काय होतं ते तिला कधीच कळणार नव्हतं.

तिने आईला उचलून बाजेवर नेलं. सहाण धुतली. बाळाचं वजन केलं, दोन किलो नऊशे. रजिस्टरमध्ये लिहिलं.

बाळाच्या अकराव्या दिवशी सकाळी रंभाबाई गेली.

सगळं गाव आलं. तिने ज्यांना बोट दिलं होतं ती कितीतरी पोरं आता मिशा फुटलेली, पदर घेतलेली झाली होती. मोतीलालची पाचवी लेक सासरहून आली. अंगणात बाया गोल बसल्या आणि थांबल्या. हेल काढून रडायला आधी लेकीने सुरुवात करायची असते. लेकीने पहिला शब्द लावला की बाकीच्या धरतात. आजवर गावातल्या प्रत्येक मयतीत जिच्या लेकीला सुचत नव्हतं, तिच्या कानाशी बसून रंभाबाई शब्द पुरवायची. आज कानाशी कुणी नव्हतं.

मनीषाने तोंड उघडलं. "आई गं," एवढं आलं. पुढे काही आलं नाही. बाया वाट बघत राहिल्या. मालूबाईने "वहिनी..." म्हणून पाहिलं आणि तीही तिथेच थांबली. मग बाया नुसत्याच रडल्या, बिनशब्दांच्या. गावाला शब्द पुरवणारी बाई शब्दांशिवाय गेली. तापीच्या काठी धूर सरळ वर चढत होता, आणि पलीकडे जैनाबादच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा बँड वाजत होता.

बाळंतपणानंतर बेचाळिसाव्या दिवशी आशाची घरभेट असते, शेवटची. मनीषा आली, तिने बाळाला काट्यावर टांगलं. चार किलो शंभर. रश्मीला विचारायचं ते विचारलं, रजिस्टर मिटलं. मग ते झोळीत ठेवून झोळी खुंटीला अडकवली.

कोनाड्यातून तिने सहाण काढली. हिरडा काढला. रश्मी दचकून उठून बसली. "ताई?"

"देणार नाही गं. झोप तू. उगाळून धुऊन टाकणार आहे."

ती पाळण्याशी बसली. सहाण गुडघ्यांत धरली, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि हिरडा फिरवू लागली. घर्र... घर्र... बाळाने आवाजाच्या दिशेने मान वळवली. मनीषाने म्हणायला सुरुवात केली. चाल तिला येत नव्हती, ती कधीच आली नव्हती. पाढे म्हणावे तसंच म्हणाली. हिरडा उगाळीते बाई, सात येढे सहाणेला. कडू आधी, गोड मागं, रीत हाये जगण्याला. ये रे बाळा, ऐक बाळा...

ती थांबली. आई थांबायची तिथे.

तिने घराकडे पाहिलं. रिकामी बाज. बाजेखाली ठेवलेलं भांडं, त्यातला चमचा. भिंतीवर टेकून टेकून पडलेला तेलाचा डाग, माणसाच्या डोक्याएवढा. बाळ तोंड उघडं टाकून ऐकत होतं. हिरडा सहाणेवर फिरत होता. तुकडा येत नव्हता.

"तुझी आजी होती इथे," ती म्हणाली.

ओट्यावर मालूबाई वाती वळत बसली होती. तिचा आवाज आला, "जुळलं नाही गं."

"माहीत आहे, आत्या."

मनीषा हिरडा फिरवत राहिली. फक्त दगडाचा आवाज.

"परत म्हण," मालूबाई म्हणाली. "पोर जागंच आहे अजून."

मनीषाने पदराच्या टोकाने डोळे पुसले आणि सहाणेवर पाण्याचे आणखी दोन थेंब टाकले.